दशपर्णी अर्क, निंबोळी तेल, जिवाणू खत: बाटल्या भरायला पेरिस्टाल्टिक पंप घ्यावा का?

कारंजा_घाडगे
नमस्कार मंडळी,
वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत तीन द्रव भरले जातात: दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचा कीडनाशक काढा, गोमूत्र घातलेला), निंबोळी तेल आणि द्रवरूप जिवाणू खत (रायझोबियम, आणि पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू). सध्या मापाचा मग आणि नरसाळं वापरतो. बायांचा हात बसलेला आहे, तरी ५०० मिलीच्या बाटलीत वीसेक मिलीचा फरक पडतोच. शिवाय सांडासांड आणि अर्काचा वास.
बाटल्या १०० मिली, ५०० मिली आणि १ लीटरच्या. पेरणीच्या तोंडावर दिवसाला १५०० निघायला हव्यात, बहुतेक ५०० मिलीच्या. लाइट सिंगल फेज, संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरतं. कॉम्प्रेसर नाही.
एक विक्रेता म्हणतो पेरिस्टाल्टिक घ्या, एकच पंप तिन्ही द्रवांना चालेल. दुसरा म्हणतो पिस्टन फिलरशिवाय (सिलिंडरात द्रव ओढून दट्ट्यानं ढकलणारं मशीन) गत्यंतर नाही. जाणकारांनी सांगावं: पंप कोणता, नळी किती मापाची, आणि पुढे कुठे अडतं?

हिंगणा_शॉप
ताई, पंपाच्या आधी नळी ठरवा. पेरिस्टाल्टिक पंपात द्रव फक्त नळीला लागतो. रोलर नळी दाबत पुढे सरकतात आणि दोन रोलरांच्या मधे अडकलेला घास पुढे ढकलला जातो. आत व्हॉल्व्ह नाही, सील नाही, गिअर नाही. म्हणून हेड (रोलर फिरतात तो भाग) कोणत्याही कंपनीचं असो, काम नीट होणार की नाही ते नळीचं मटेरियल ठरवतं.
तुमच्या यादीवरून:
अर्क: टीपीव्ही नळी (रबरासारखं प्लॅस्टिक, बाजारात सँटोप्रीन म्हणून मागा). गोमूत्र, सौम्य आम्ल, अल्कली, ब्लीच सगळं सोसते. आयुष्य सिलिकॉनच्या कित्येक पट.
जिवाणू खत: सिलिकॉन, प्लॅटिनम क्युअर. उकळता येते, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) करता येते.
निंबोळी तेल: सिलिकॉन अजिबात नको. तेल शोषून फुगते, मऊ पडते, रोलरखाली सरकते आणि काही दिवसांत फाटते.
एकच पंप तिन्हींना, असं विक्रेता म्हणतो ते हेडपुरतं खरं. नळीपुरतं नाही.

वऱ्हाडी_गडी
ताई, येकच नळी तिघाइले लावू नका. अर्काचा वास नळीत मुरते, मंग काई केलं तरी जात नाई. तीन द्रव, तीन नळ्या. बदलाले दोन मिनिटं लागते. नळीवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हंजे संध्याकाळच्या घाईत अदलाबदल होनार नाई.

कास्तकार_मोर्शी
इतका खटाटोप कशाला? टाकी चार फुटांवर ठेवा, खाली सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारा), बाटलीखाली लोडसेलचा वजनकाटा. वजन झालं की व्हॉल्व्ह बंद. पंपच नको.

हिंगणा_शॉप
@कास्तकार_मोर्शी, स्वच्छ आणि पातळ द्रवाला ही पद्धत चांगली आहे. पण स्वस्तातल्या सोलेनॉइडची बॉडी पितळेची असते. गोमूत्रातला अमोनिया पितळ खातो: आधी हिरवट थर, मग बारीक तडे. दुसरं म्हणजे अर्कातला पाल्याचा धागा डायफ्रॅमखाली (आतल्या रबरी पडद्याखाली) अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि थेंब थेंब चालूच राहतो. हेच दोष पितळी गिअर पंपालाही लागू. अर्काच्या वाटेत धातू असेल तर एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ किंवा ३१६, नाहीतर प्लॅस्टिक.

कास्तकार_मोर्शी
पितळेचा मुद्दा मान्य. पण मग मोठ्या बोअरचा मोटराइज्ड एसएस बॉल व्हॉल्व्ह लावता येईल की.

हिंगणा_शॉप
लावता येईल, पण तो मिटायला काही सेकंद घेतो. १ लीटरला चालून जाईल, १०० मिलीला माप बिघडेल.

रसायनवाला
आता मापाचा हिशोब. सहा-सव्वासहा तासांत १५०० बाटल्या म्हणजे बाटलीमागे १५ सेकंद. बाटली ठेवणं-उचलणं यात ४-५ सेकंद जातात, भरायला उरले १०. म्हणजे ५०० मिली १० सेकंदांत, मिनिटाला ३ लीटर.
लहान हेडमध्ये (वायझेड २५१५ जातीची) २४ नंबरची नळी बसते: आतला व्यास ६.४ मिमी, भिंत २.४ मिमी. एका फेऱ्याला साधारण २.८ मिली देते. ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेरे) धावली तरी मिनिटाला १.७ लीटर. पुरत नाही, आणि त्या वेगात नळीचं आयुष्यही संपतं.
७३ नंबरची नळी (आतून ९.५ मिमी, भिंत ३.३ मिमी) फेऱ्याला साधारण साडेबारा मिली देते. ५०० मिलीला ४० फेरे, म्हणजे २४० आरपीएमला १० सेकंद. मोठं हेड घ्या आणि ते सावकाश चालवा. नळीचा घसारा फेऱ्यांवर चालतो. तेच माप कमी फेऱ्यांत निघालं तर नळी जास्त बाटल्या देते.
हे कॅटलॉगचे आकडे आहेत. तुमच्या नळीवर, तुमच्या द्रवावर तपासल्याशिवाय पक्के धरू नका.

संत्रा_वरूड
१०० मिलीला मात्र हेच मोठं हेड वापरू नका. तीन रोलरांचं हेड असेल तर एका रोलरमागे ४ मिलीहून जास्त द्रव येतो. रोलर नळीवरून उचलला जातो त्या क्षणी प्रवाह अडखळतो. प्रत्येक भरणीच्या सुरुवातीला रोलर वेगळ्या जागी असेल तर माप कधी वर, कधी खाली. ५०० मिलीत हे दबून जातं, १०० मिलीत उघडं पडतं.
उपाय दोन. एक, १०० मिलीसाठी वेगळं लहान हेड आणि २४ नंबरची नळी. तिथे रोलरमागे १ मिलीही येत नाही, ३६ फेऱ्यांत काम होतं. दोन, दोन हेडं एकाच शाफ्टवर अशी बसवायची की एकाचा रोलर सुटताना दुसऱ्याचा दाबात असेल, आणि पुढे वाय जोड देऊन दोन्ही नळ्या एक करायच्या. पहिला उपाय सोपा.

कारंजा_घाडगे
खूप उपयोगी. म्हणजे दोन हेडं धरून चालायचं. फरक किती चालतो कायद्यानं? आणि पिस्टन फिलरबद्दल कोणी बोललंच नाही.

रसायनवाला
लीगल मेट्रॉलॉजी (पॅकेज्ड कमोडिटीज) नियम, २०११ प्रमाणे एका बाटलीतली कमाल तूट: १०० मिलीला ४.५ मिली, ५०० मिलीला १५ मिली, १ लीटरलाही १५ मिलीच. पण ही सूट एकेका बाटलीची. नमुन्याची सरासरी छापील मापापेक्षा कमी येता कामा नये. म्हणून ५०० ला ५०३-५०४ वर सेट करा आणि फरक ३-४ मिलीच्या आत ठेवा. पेरिस्टाल्टिकला हे सहज जमतं.

तेलघाणी
पिस्टन फिलर वाईट नाही. मध, शाम्पू, काकवी अशा दाट मालाला तोच. पण हवेवर चालणाऱ्या मॉडेलला ५-६ बारचा कॉम्प्रेसर लागतो, तो तुमच्याकडे नाही. आणि अर्कात बारीक गाळ राहतोच. तो सिलिंडर आणि ओ-रिंगच्या मधे घासत बसतो, ओ-रिंग गळायला लागते. द्रव बदलताना सगळं खोलून धुवावं लागतं. तीन द्रव आणि हवा नाही अशा ठिकाणी पिस्टन मी सुचवणार नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स
आता लाइटचं. हा मुद्दा गावाकडे सगळ्यात आधी पाहायला हवा, पण मशीन घेताना कोणी विचारत नाही.
स्वस्त मशीनमध्ये साधी डीसी मोटर आणि टायमर असतो: १० सेकंद चालू, मग बंद. व्होल्टेज उतरलं की मोटर हळू फिरते, टायमर मात्र तेवढाच वेळ देतो. सकाळी ५००, संध्याकाळी ४६०. म्हणून वेळेवर नव्हे, फेऱ्यांवर थांबणारं मशीन मागा: स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) किंवा एन्कोडर (फेरे मोजणारा) लावलेली मोटर.
स्टेपर घेतली तर ७३ नंबरच्या हेडला नेमा ३४ ची (नेमा म्हणजे मोटरचं माप) लागेल, नेमा २३ ची जोर सोडते. शक्यतो क्लोज्ड लूप, म्हणजे फेरे खरंच झाले का ते स्वतः तपासणारी. साधी स्टेपर जोर कमी पडला की स्टेप चुकवते आणि कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. त्याच्या हिशोबानं ४० फेरे झालेले असतात.
एसएमपीएसवरचा (मोटरला डीसी वीज देणारा डबा) इनपुट आकडा वाचा. बाजूला ११५/२३० चं बटण असलेला एसएमपीएस १७० व्होल्टला आचके देतो. ९० ते २६४ व्होल्ट लिहिलेला घ्या. किंमत थोडी जास्त, पण स्टॅबिलायझर वाचतो.

धामणगावकर
+१. आणि अर्थिंग खरोखरची करा. फूट स्विच (पायानं दाबायचा) ओल्या फरशीवर असतो. स्विच २४ व्होल्टचाच हवा, २३० नाही.

वऱ्हाडी_गडी
टाकीच्या उंचीचं कोनी बोललं नाई. २०० लीटरचा ड्रम भरलेला असला तं नळीवर दाब जास्त, तळाले गेला का कमी. माप हळूहळू उतरते अन् मानसाले वाटते नळी खराब झाली. मोठ्या ड्रमातून डायरेक्ट ओढू नका. मधात १५-२० लीटरची छोटी टाकी ठेवा, तिच्यात कूलरचा फ्लोट वॉल लावा. लेवल येकसारखी राह्यली का माप येकसारखं.

हिंगणा_शॉप
अगदी बरोबर. त्यात एवढं जोडतो: फ्लोट व्हॉल्व्हही पितळेचा नको, प्लॅस्टिकचा घ्या. ओढण्याची नळी पंपाच्या नळीपेक्षा एक माप मोठी, आतून तारेची म्हणजे चिपकणार नाही, आणि एक मीटरच्या आत. हे पंप ढकलायला तगडे असतात, ओढायला तेवढे नसतात. दबलेली नळी परत गोल होते त्या ताकदीवरच सगळं ओढणं अवलंबून असतं.

संत्रा_वरूड
अर्काबद्दल एक गोष्ट जी मशीनवाले सांगत नाहीत. दशपर्णीत आंबण्याची क्रिया पूर्ण थांबलेली नसेल तर त्यात वायू विरघळलेला असतो. पंप ओढतो तेव्हा दाब कमी होऊन बुडबुडे सुटतात. नळीत बुडबुडा म्हणजे तेवढं माप कमी. पारदर्शक जोडनळी लावली तर डोळ्यांना दिसतं. असं दिसलं तर वेग कमी करा, छोटी टाकी पंपाच्या वर ठेवा म्हणजे द्रव आपसूक पंपात येईल. आणि मुळात अर्क पूर्ण मुरल्याशिवाय भरू नका, नाहीतर बाटल्या दुकानात फुगतात.
गाळणं दोन टप्प्यांत: आधी सुती फडकं, मग ८० मेशची (इंचाला ८० भोकांची) नायलॉन जाळी. पंपाला गाळाचं फार वावडं नाही, अडतं ते नोझलच्या तोंडाशी.

कारंजा_घाडगे
बाटल्या फुगण्याची तक्रार आमच्याकडे आहे. भरण्याचा दोष समजत होतो.
संत्रा_वरूड, तुम्ही संत्र्याच्या स्क्वॅशलाही हेच पंप वापरता का? शेजारच्या गटाला विचारायचं होतं.

संत्रा_वरूड
चालतात. गर असेल तरी जातो, फक्त नोझल रुंद ठेवा. एक जपा: संत्र्याच्या सालीतलं तेल (लिमोनीन) सिलिकॉन फुगवतं. साल न चिरडता काढलेल्या रसात ते किरकोळ असतं, पण स्क्रू ज्यूसरनं साल पिळली जात असेल तर नळी लवकर ढिली पडते. गरम भरणी ८० अंशांच्या वर असेल तर तेवढं तापमान सोसणारी नळी घ्या, आणि ती लवकर बदलायची हे धरून चाला.

रसायनवाला
जिवाणू खताकडे येऊ. इथे पेरिस्टाल्टिकला तोड नाही, कारण निर्जंतुक फक्त नळी करायची असते. सिलिकॉन नळी, जोड आणि नोझल एकत्र फॉइलमध्ये गुंडाळून १२१ अंशांवर २० मिनिटं. ऑटोक्लेव्ह नसेल तर १५ पीएसआय शिटीचा मोठा प्रेशर कुकर तेच तापमान देतो. नळीची टोकं उघडी ठेवा, वाफ आतून गेली पाहिजे.
नळी ब्लीचच्या पाण्यानं धुतली असेल तर शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्यानं करा. क्लोरीन नळीत उरला तर पहिल्या काही बाटल्यांतले जिवाणू मरतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप रायझोबियममध्ये मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, नमुना नेमका त्याच बाटलीचा गेला तर पंचाईत.

तेलघाणी
तेलाचं वेगळं लिहितो, कारण वर सिलिकॉन नको एवढंच आलंय.
टीपीव्ही नळी तेलात सिलिकॉनपेक्षा टिकते, पण तीही हळूहळू फुगते. नायट्राइल रबराची नळी तेलाला योग्य, मात्र कडक असते, मोटरवर भार वाढतो आणि लहान हेडात नीट दबत नाही. व्हिटॉन महाग, आणि वारंवार वाकवलं की लवकर चिरते. तेलाला खरा पंप म्हणजे एसएसचा लहान गिअर पंप, एन्कोडरच्या मोटरवर. तेल त्याला वंगणही देतं. दोन अटी: समोर १०० मेशची गाळणी हवी आणि कोरडा एक मिनिटही फिरवायचा नाही. पेरिस्टाल्टिक कोरडा फिरला तरी चालतो, हा नाही.
निंबोळी तेल डिसेंबर-जानेवारीत दाट होतं, तळाशी पांढरट गाठी धरतात. तेव्हा कोणत्याही पंपानं माप हलतं. ड्रम कोमट पाण्याच्या टाकीत ठेवून तेल ३५ अंशांपर्यंत आणा. थेट शेगडीवर नको, उष्णतेनं अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला कीड रोखणारा घटक) कमी होतं.
तेल तापमानानं फुगतं: ३० अंशांच्या फरकाला साधारण २ टक्के. थंडीत काठोकाठ भरलेली बाटली मे महिन्यात झाकणातून पाझरते. मोकळी जागा सोडा.

कास्तकार_मोर्शी
तेलाच्या बाटल्या दिवसाला किती? शंभर-दोनशे असतील तर वर सांगितलेली काट्याची पद्धत तेलाला लागू होते. तिथे अमोनिया नाही, पाल्याचे धागे नाहीत.

हिंगणा_शॉप
हे पटलं. तेलाला वजनावर भरणंच उत्तम. घनता ०.९२ च्या आसपास असते, पण प्रत्येक घाणीला मोजा: १०० मिलीचा मेजरिंग फ्लास्क खुणेपर्यंत भरून वजन करा, त्यातून रिकाम्या फ्लास्कचं वजन वजा. ९२ ग्रॅम आलं तर ५०० मिलीला ४६० ग्रॅम.

बुटीबोरी_मेंटेनन्स
कॅलिब्रेशन (माप जुळवणं) लिहून ठेवतो, कारण नवी नळी टाकून लगेच सेट करणारे पुष्कळ.
नवी नळी सुरुवातीला ताणते आणि माप बदलत राहतं. आधी पाण्यावर अर्धा-पाऊण तास चालवा. मग खरा द्रव भरा, हवा पूर्ण निघेपर्यंत सोडा. त्यानंतर १० बाटल्या भरा, प्रत्येकीचं भरलेलं वजन वजा रिकामं वजन, भागिले घनता. सरासरी काढा आणि फेरे त्या प्रमाणात बदला: ४० फेऱ्यांत ४९० आलं तर ४० गुणिले ५०३ भागिले ४९०, म्हणजे ४१.०६ फेरे. पुन्हा १० बाटल्या. नंतर दर वीसावी बाटली १ ग्रॅमच्या काट्यावर.
थेंब पडत असेल तर शेवटी पाव फेरा उलटा. जास्त उलटा केला तर नोझलमध्ये हवा शिरते आणि पुढची बाटली कमी भरते. फेस येत असेल तर नोझल बाटलीच्या तळाजवळून वर आणत भरा, शेवटचे १०-१५ टक्के निम्म्या वेगानं.

धामणगावकर
नळी कधी बदलायची?

बुटीबोरी_मेंटेनन्स
माप ठरावीक दिशेनं उतरत चाललं आणि फेरे वाढवूनही दोन तासांत परत उतरलं, की नळी थकली. दाबली जाते तिथे दोन्ही कडांना पांढरी रेघ दिसते, फूट तिथूनच पडते. तोपर्यंत थांबायचं नाही, फुटली की अर्क बेअरिंगमध्ये जातो. हेडच्या तळाला भोक नसेल तर पाडून घ्या आणि खाली वाटी ठेवा.
आयुष्य वाढवायची एक युक्ती: नळी दोन फूट जास्त लांब कापा. ठरावीक बाटल्यांनंतर क्लॅम्प सैल करून ७३ नंबरच्या हेडात नळी वीत-दीड वीत पुढे सरकवा, रोलरखाली ताजा भाग येतो. आणि रात्री काम थांबलं की हेडची पकड उघडून ठेवा. रोलरखाली दबून राहिलेली नळी चपटी होते, सकाळच्या पहिल्या बाटल्या कमी येतात.
दाब पकडीच्या स्क्रूनं वाढवून माप आणायचा मोह टाळा. नळी पूर्ण मिटते तिथपर्यंतच दाब हवा. त्यापुढचा प्रत्येक आटा नळी खातो.

वऱ्हाडी_गडी
नळीले ग्रीस लावू नका बावा, पेट्रोलियमचं तं नाईच नाई. रबर फुगते. रोलर कोरडे अन् साफ, बस.

कारंजा_घाडगे
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: अर्क आणि जिवाणू खताला पेरिस्टाल्टिक, ७३ नंबरचं एक हेड आणि १०० मिलीसाठी २४ नंबरचं दुसरं. प्रत्येक द्रवाची स्वतंत्र नळी. क्लोज्ड लूप स्टेपर, ९०-२६४ चा एसएमपीएस. तेलाच्या बाटल्या दिवसाला दीडशेच्या वर नाहीत, म्हणून काट्यावर. मधली छोटी टाकी प्लॅस्टिक फ्लोटची.
एक प्रश्न उरला. विक्रेता नळी दाखवून "सँटोप्रीन आहे" म्हणतो, ती तीच आहे हे ओळखायचं कसं?

रसायनवाला
नुसतं पाहून खात्री नको. सिलिकॉन दुधट अर्धपारदर्शक, बोटांना मऊ. टीपीव्ही बहुधा पिवळट-क्रीम किंवा काळी, अपारदर्शक आणि थोडी ताठ. पण रंग कोणीही देऊ शकतो, म्हणून माल घेण्याआधी १० सेंमीचे तीन तुकडे मागा. बाहेरचा व्यास व्हर्नियरनं आणि वजन काट्यानं लिहून घ्या. एक तुकडा तुमच्याच अर्कात, एक ब्लीचच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात, झाकण लावून सात दिवस. काढून पुसा, पुन्हा मोजा. पाण्यातल्या तुकड्याच्या तुलनेत बाकीचे दोन फुगले, चिकट झाले किंवा वाकवल्यावर बारीक तडे दिसले तर ती नळी घेऊ नका, मग नाव काहीही सांगोत.
नागपूरच्या इतवारी बाजारात नळी मीटरवर मिळते, तिथून घेतली तरी हीच चाचणी. आणि भिंतीची जाडी मोजायला विसरू नका. ३.३ मिमीच्या जागी ३ मिमीची आली तर रोलर ती पूर्ण मिटवत नाही, द्रव मागे सरकतो आणि महिनाभर कॅलिब्रेशनच करत बसाल.

हिंगणा_शॉप
ऑर्डर देताना सुटे भाग त्याच बिलात घ्या: प्रत्येक द्रवाच्या दोन जादा नळ्या, रोलरचा एक संच, एक फूट स्विच. जूनमध्ये लागले तर नागपुरातून यायलाही दोन दिवस जातात. आणि पहिला आठवडा साध्या पाण्यावर, जुन्याच बाटल्या वापरून, बायांच्या हातानं चालवून घ्या. क्लॅम्प सैल करणं, नळी सरकवणं, हवा काढणं हे त्यांना यायला हवं, कारण बिघडेल तेव्हा मशीनपाशी त्याच असतील.